कोंडपाड्याच्या हजेरीपुस्तकातली तिसरी ओळ

मी, श्यामकांत विष्णुपंत टिपणीस, वय वर्षे सदुसष्ट, सेवानिवृत्त टाइमकीपर, राहणार मौजे कोंडपाडा, तालुका उल्हासनगर, जिल्हा ठाणे, आज शनिवार दिनांक २४ जानेवारी १९९८ रोजी, माझ्या घराच्या पडवीत बसून, कुणाच्याही धाकाला किंवा आमिषाला बळी न पडता, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. छाती शाबूत नाही. डॉक्टर म्हणतात जिना चढू नका, मीठ खाऊ नका, चिडू नका. पहिली दोन पथ्यं मी पाळतो.

वकिलांनी एक मसुदा टाइप करून पाठवला होता, तो मी बाजूला ठेवला. त्यात माझ्या पस्तीस वर्षांच्या पंचायतीच्या कामाबद्दल ‘सामाजिक कार्याची आवड’ एवढेच तीन शब्द होते. अहो, आवड कसली? व्यसन होतं ते. शिवाय मला जे मुख्य सांगायचं आहे ते टायपिस्टकडून लिहून घेण्यासारखं नाही. सबब हस्ताक्षर माझं, खाडाखोड माझी आणि जबाबदारीही माझीच.

कलम १. राहतं घर व मागचं परसू माझ्या स्वकष्टाचं आहे. ते माझा मुलगा चि. मधुकर ऊर्फ मधू यास द्यावं. मधू मांजर्लीला फ्लॅटमध्ये राहतो, आणि जोराचा पाऊस लागला की उल्हास नदी त्याच्या जिन्याशी येऊन उभी राहते. तेव्हा तो मला फोन करून म्हणतो, ‘अप्पा, यंदा तुमच्याकडेच येऊन राहू का?’ पाणी ओसरलं की विषय संपतो. माझ्यामागे तो हे घर पाडून इमारत बांधणार हे मला पुरतं ठाऊक आहे, आणि माझी हरकत नाही. फक्त इमारतीला माझं नाव देऊ नये. श्यामकुंज नको, टिपणीस सदन नको, काही म्हणजे काही नको. माझं नाव या गावात एका ठिकाणी लागलं तेवढं पुष्कळ झालं.

कलम २. सत्काराच्या शाली एकूण एक्केचाळीस. नारळ त्या त्या वेळी खाल्ले. या शाली सूनबाई उमा हिला द्याव्यात; तिने त्या गोधडीच्या आत घालाव्यात. एकेकटीने कुणाची थंडी घालवावी अशी त्यातली एकही नाही. कारखान्याने निवृत्तीच्या दिवशी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ शाळेला द्यावं, म्हणजे मास्तर वेळेवर येतील. माझी लाल पेन्सिल कुणालाही देऊ नये. तिने मी एकोणतीस वर्षं अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात, गेटवर बसून, कामगारांच्या नावापुढे ‘लेट’ असं लिहिलं. सात वाजून पाच मिनिटांनी आलेल्याचा अर्धा दिवस कापला. पूर आला, बायको बाळंत झाली, सायकल पंक्चर झाली, मी सगळं ऐकून घेत असे आणि कापत असे. ‘टिपणीस, तुमच्या छातीत काटे आहेत काटे, घड्याळाचे,’ असं एक फिटर मला तोंडावर म्हणाला होता. तो फिटर म्हणजे भगवान सोनावणे. त्याच्याबद्दल पुढे बरंच लिहायचं आहे.

कलम ३. पंचायतीत मी काय केलं याची नोंद कुठेतरी असावी म्हणून लिहितो. नातवंडांना कंटाळा आला तर त्यांनी हे कलम सोडून द्यावं.

सन १९६२ ला मी पहिल्यांदा निवडून आलो. माझी निशाणी छत्री होती. मी कारखान्यातला पांढरपेशा माणूस, मला गावात कोण ओळखत होतं? नदीकाठच्या वस्तीतला भगवान माझ्यासाठी घरोघर फिरला. ती वस्ती बौद्ध लोकांची, अडतीस घरांची, गायरानाच्या कडेला तीन पिढ्यांची. भगवान माझी छत्री उघडून उन्हात चालायचा आणि सांगायचा, ‘हा माणूस गोड बोलणार नाही, पण वेळेवर येईल.’ बारा मतांनी निवडून आलो, आणि ती बारा मतं कुठली हे मला तेव्हाही माहीत होतं.

१९६७ साली पाणी समिती माझ्याकडे आली. दोन वर्षांनी गावात पहिला नळ आला तो नदीकाठच्या वस्तीत, कारण पाइप तिथूनच जात होता. गावातले काही लोक माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. १९७२ ला सरपंचपद एका मताने हुकलं. सहा विरुद्ध पाच. शंकरराव निवडून आले आणि पुढे किती वर्षं त्या खुर्चीत बसले ते मोजायचीही मला लाज वाटते, कारण त्यातली बरीच वर्षं त्यांना हात वर करून बसवणाऱ्यांत मीही होतो. १९७९ ला शाळेची जागा वीटभट्टीवाल्याला द्यायचा ठराव आला. मी उठलो आणि दुपारी चारपासून सूर्य मावळेपर्यंत बोललो. ग्रामपंचायत अधिनियम वाचून दाखवला, कोंडपाड्याचा इतिहास सांगितला, इतिहास संपल्यावर कारखान्यातल्या रंगांचे प्रकार सांगितले. कंदिलात तेल नव्हतं म्हणून सभा तहकूब झाली. शाळा अजून तिथेच आहे. मी आयुष्यात एवढी एकच गोष्ट अशी केली की तिची आठवण झाल्यावर मान खाली जात नाही.

आणि या सगळ्यांपेक्षा मला ज्याचा गर्व होता ती माझी हजेरी. पस्तीस वर्षांत मी एकही मासिक सभा चुकवली नाही. तापात गेलो, वडिलांच्या तेराव्याला जेवणं आटपून गेलो. नीलिमाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, बारशालाही मी उशिरा पोचलो, आणि तिचं नाव काय ठेवलं ते मला शेजाऱ्यांकडून कळलं. जिल्ह्याच्या ठिकाणी मला मानपत्र मिळालं, ‘अखंड उपस्थिती’बद्दल. चांदीच्या मुलाम्याचं आहे. ते कुणाला द्यायचं हे मी ठरवलेलं नाही, कारण ते खोटं आहे.

कलम ४. हे कलम सर्वांनी वाचावं.

आमच्या पंचायतीचे सदस्य अकरा. सहा हजर असले तर कोरम पूर्ण, नाहीतर सभा नाही आणि ठरावही नाही. सभेच्या आधी हजेरीपुस्तकात सह्या होतात. पहिली ओळ सरपंचांची, दुसरी उपसरपंचांची आणि तिसरी माझी. असा काही नियम नव्हता. पण मी नेहमीच सगळ्यांच्या आधी येऊन बसायचो, म्हणून ती ओळ माझी झाली. पुढे पुढे मला यायला दोन मिनिटं लागली तरी कुणी त्या ओळीवर सही करत नसे. ग्रामसेवक अनंता, ज्याला आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणतो, नव्या सदस्याला बजावायचा, ‘तिसरी सोडून खाली करा, ती टिपणीससाहेबांची.’ मला त्याचं फार सुख वाटायचं. आता लिहितानासुद्धा थोडं वाटलं, हे कबूल करतो.

दिनांक १८ नोव्हेंबर १९८६, मंगळवार. त्या दिवशी मी सभेला नव्हतो.

माझी पत्नी वृंदा, आता कैलासवासी, हिने आमच्या तीस वर्षांच्या संसारात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी म्हणाली, ‘अहो, लग्नातला सोडला तर आपला दोघांचा एकही फोटो नाही. कॅम्प दोनला स्टुडिओ आहे म्हणे चांगला. आज चला ना.’ मी म्हटलं, ‘आज सभा आहे.’ ती म्हणाली, ‘बरं.’ एवढंच. त्या ‘बरं’मध्ये रागसुद्धा नव्हता. मी कारखान्यात रजा कळवली आणि आम्ही उल्हासनगरला गेलो.

कॅम्प दोनचा बाजार म्हणजे काय सांगू! दुकानाला दुकान चिकटलेलं, एकीकडे शिलाई मशिनांचा खडखडाट, एकीकडे बटणांचे ढीग. एका सिंधी दुकानदाराने ‘आओ साईं, बैठो, भाभीजी को बढ़िया माल दिखाता हूँ’ म्हणून साड्यांचा डोंगर केला आणि वृंदाने त्यातली सगळ्यात साधी उचलली. फोटो काढला. फोटोवाला सारखा म्हणत होता, ‘साहब, थोडा हँसो,’ आणि मला जमेना. मग वृंदा कानाशी पुटपुटली, ‘लेट लिहिताना हसता तसं हसा,’ आणि मी खरोखर हसलो. त्यानंतर दाल-पकवान खाल्लं. पकवानाचा चुरा माझ्या मिशीत अडकला तो तिने भर बाजारात आपल्या पदराने पुसला. चार वाजले तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं. तिने ते पाहिलं. म्हणाली, ‘सभा सुरू झाली असेल, नाही?’ मी म्हटलं, ‘होऊ दे.’ सबंध आयुष्यात मी बोललेले सर्वांत चांगले दोन शब्द ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनंता हजेरीपुस्तक काखेत मारून घरी आला. ‘साहेब, तुमची सही राहिली.’ तिसरी ओळ कोरी होती. त्याने प्रेमानेच ती सोडली होती, हे मी शपथेवर सांगतो. मी सही केली. काल सभेत काय झालं हे विचारलंही नाही. चहा पाजला आणि त्याला वाटेला लावलं. दुसऱ्याला पाच मिनिटांची सूट न देणाऱ्या माणसाने स्वतःला अख्खा दिवस माफ करून टाकला.

त्या सभेला पाचच जण आले होते. माझ्या सहीने सहा झाले. आणि त्या सभेत ठराव झाला होता की नदीकाठची वस्ती अतिक्रमण आहे, ती हलवून तिथे बाजाराची जागा करावी. ठरावाखाली लिहिलं होतं, सूचक शंकरराव, अनुमोदक श्यामकांत टिपणीस. अनुमोदक म्हणून नेहमी माझंच नाव पडायचं. हजर असायचो ना!

जानेवारीत वस्ती उठली. अडतीस घरं चामटोलीच्या वाटेवरच्या उघड्या माळावर नेऊन टाकली. नळ नाही, सावली नाही. बायका पूर्वी कॅम्पातल्या कारखान्यांत शिलाईला जायच्या, त्यांना आता स्टेशनच गाठायला तासभर चालावं लागतं. नदीकाठी बाजार झाला का? नाही. कुंपण घातलं, ‘नियोजित बाजार’ अशी पाटी लावली, आणि गेली अकरा वर्षं तिथे शंकररावांच्या म्हशी चरतात.

कलम ५. भगवानने कल्याणच्या कोर्टात दावा लावला. त्याचं म्हणणं साधं होतं. त्या दिवशी सभेला पाचच माणसं होती, कोरम नव्हता, म्हणून ठराव रद्द. सगळा दावा माझ्या सहीवर येऊन थांबला.

शंकरराव माझ्याकडे आले. म्हणाले, ‘टिपणीस, पुढच्या खेपेला सरपंच तुम्ही. माझा शब्द. आणि तुमच्या मानपत्राची शिफारस मीच केली आहे बरं का. आता एक दिवस हजर नव्हता असं म्हणालात तर इतक्या वर्षांची हजेरी धुळीला मिळाली म्हणून समजा. लोक म्हणतील, बाकीच्या सह्या तरी कशावरून खऱ्या?’ हे शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम दारात उभं राहून, चप्पल घालताना म्हटलं. माणूस हुशार. मी त्यांच्या नावे काही ठेवत नाही, कारण त्यांनी ते माझ्या हयातीतच नेलं.

१९८९ च्या मार्चमध्ये माझी साक्ष झाली. भगवानचा वकील आजारी होता म्हणून कोर्टाने भगवानलाच प्रश्न विचारायची मुभा दिली. वृंदाला कल्याणला तिच्या बहिणीकडे जायचं होतं म्हणून तीही बरोबर आली होती आणि मागच्या बाकावर बसली होती. भगवान उभा राहिला. मागच्या बाकाकडे त्याने एकदा पाहिलं. मग मला विचारलं, ‘टिपणीससाहेब, अठरा नोव्हेंबरला चार वाजता तुम्ही सभेत होता का?’

मी शपथेवर म्हटलं, ‘होतो.’

त्याने दुसरा प्रश्न विचारला नाही. ‘एवढंच विचारायचं होतं,’ असं म्हणून तो खाली बसला. दावा निकालात निघाला, वस्तीच्या विरुद्ध. कोर्टाला मी दोष देत नाही; माझी सही आणि माझी जबानी दोन्ही त्याच्यासमोर होती. पुढच्या वर्षी मी सरपंच झालो. अकरा महिने. त्यात मी काय केलं ते मला आठवत नाही.

कोर्टातून बाहेर पडल्यावर कल्याणच्या एसटी स्टँडवर वृंदा मला म्हणाली, ‘मग त्या दिवशी कॅम्पात माझ्याबरोबर कोण होतं?’

मी गाडी लागली का ते बघायला गेलो. तिने पुन्हा विचारलं नाही. घरी आल्यावर भिंतीवरचा फोटो काढला आणि ट्रंकेत साड्यांच्या तळाशी ठेवला. त्यानंतर चार वर्षं ती माझ्याशी चांगली वागली, चहा वेळेवर, औषध वेळेवर, सणासुदीला गोडधोड. पण त्या दिवसाचं नाव तिच्या तोंडून कधी आलं नाही. तीस वर्षांत तिला मी एक दिवस दिला होता, आणि तोही शपथ घेऊन परत काढून घेतला. ती १९९३ साली गेली. मला तिची माफी मागायची होती. रोज ठरवायचो, उद्या मागू. मूर्ख माणूस, दुसरं काय.

भगवान १९९५ ला गेला. मी त्याच्या मयताला माळापर्यंत गेलो आणि रस्त्यावरूनच परत फिरलो. पुढे जायचा धीर झाला नाही.

कलम ६. सबब मी या मृत्युपत्राने जाहीर करतो की दिनांक १८ नोव्हेंबर १९८६ च्या सभेला मी हजर नव्हतो. हजेरीपुस्तकातली सही मी दुसऱ्या दिवशी घरी केली. कोर्टात दिलेली साक्ष खोटी होती. ट्रंकेतल्या फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का व तीच तारीख आहे. तो फोटो या कागदासोबत न्यायालयात दाखल करावा. ग्रामसेवक अनंता याने मला सही करायला सांगितलं हे खरं, पण ती सवय त्याला मीच लावली होती. त्याच्या पेन्शनला धक्का लागू नये.

वस्तीच्या लोकांनी केलेलं अपील ठाण्याला अजून पडून आहे. पुढची तारीख मार्चमधली. मी वकिलांना विचारलं, माझ्या मृत्युपत्राचा त्यांना उपयोग होईल का? वकील म्हणाले, ‘मेलेल्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही, टिपणीस. समोरचा वकील म्हणेल, म्हातारा शेवटी भ्रमला होता. जिवंतपणी सांगितलंत तर गोष्ट वेगळी. पण मग खोट्या साक्षीबद्दल तुमच्यावर खटला होऊ शकतो, हेही सांगून ठेवतो.’ मी म्हटलं, तर मग मृत्युपत्रातच लिहू. मेलेल्याला कोण पकडतो? असा मी शूर.

कलम ७. रस्त्यालगतची माझ्या नावावरची पाच गुंठे जागा कै. भगवान सोनावणे यांच्या पत्नी श्रीमती जनाबाई यांस द्यावी. मधूने यास हरकत घेऊ नये. त्याने घेतलीच तर त्याला कलम पाच मोठ्याने वाचून दाखवावं.

इथवर मी दुपारी दोन वाजेपर्यंत लिहिलं. सही करणार होतो.

पुरवणी, त्याच दिवशी, संध्याकाळी पाच.

साक्षीला मी अनंताला बोलावलं होतं. तो आता निवृत्त आहे, मांजर्लीलाच राहतो, मधूच्या बिल्डिंगशेजारी. आणि जनाबाईंनाही निरोप धाडला होता, कारण जागेचं त्यांना आधी सांगावं असं वाटलं. वकिलांनी बजावलं होतं की ज्याला काही मिळायचं आहे त्याला साक्षीदार करू नका, उगाच संशयाला जागा राहते. म्हणून त्यांनी फक्त ऐकावं अशी माझी कल्पना होती.

मी वरचं सगळं मोठ्याने वाचलं. अनंताने दोनदा घाम पुसला. जनाबाई पडवीच्या पायरीवर बसल्या होत्या. खुर्ची दिली ती घेतली नाही. वाचून झाल्यावर म्हणाल्या, ‘पाच गुंठं कशाला? आमाला तुमची जागा नको साहेब. आमाला आमची जागा पायजे.’

मी म्हटलं, ‘जनाबाई, माझ्या हातात जे आहे ते मी देतोय.’

‘तुमच्या हातात काय हाय ते तुमी आत्ताच वाचलं की.’

मग त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहायलाच पाहिजे, कारण हे मला आजपर्यंत ठाऊक नव्हतं.

त्या म्हणाल्या, ‘त्येंनी तुमाला बगितलं व्हतं त्या दिवशी. कॅम्प दोनला. कंपनीनं बेरिंग आनाया पाठवलं व्हतं. तुमी आनि वयनी खात व्हता. घरी आल्यावर मला म्हनले, जने, टाइमकीपर आज हसत व्हता गं. आमी दोघं बी लई हसलो.’

मी म्हणालो, ‘मग कोर्टात का नाही बोलला तो? साक्ष द्यायची, सांगायचं, मी डोळ्यांनी पाहिलं!’

‘एकल्याचं कोन ऐकनार? वयनींना हुबं करावं लागलं असतं. वकील तेच म्हनत व्हता, बाईला बोलवा, ती खोटं बोलायची न्हाई. हे म्हनले, न्हाई. बाईला नवऱ्याच्या इरुद्द हुबं करायचं न्हाई. वस्ती गेली तरी चालंल. मी लई भांडले त्येंच्याशी. अडतीस घरं हायती म्हनलं, एका बाईचं काय घेऊन बसलाव? मंग त्या दिवशी कोर्टात वयनी मागं बसलेल्या दिसल्या, तवा म्हनले, मी टिपनीसलाच इचारतो. तो सांगंल. बायकू मागं बसलेली असताना तो खोटं न्हाई बोलायचा.’

अनंता उठून अंगणात गेला. मागच्या बाकाकडे त्याने एकदा का पाहिलं होतं, ते मला नऊ वर्षांनी कळलं. मी रडलो हे लिहिणं भाग आहे. जनाबाई रडल्या नाहीत आणि त्यांनी मला गप्पही केलं नाही.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘तुमी मेल्यावर ह्ये खरं हुनार. म्हंजे आता आमी तुमच्या मरनाची वाट बगायची व्हय? आदीच म्हातारी मानसं मरत्यात माळावर. त्यात तुमचं बी मरन आमीच मागायचं?’

सबब खालीलप्रमाणे बदल करतो.

कलम सात रद्द. पाच गुंठे जागेचं मी नंतर बघेन. ती माझ्या खोट्याची भरपाई म्हणून कुणाला देणार नाही.

कलम सहा हे आता मृत्युपत्राचा भाग नाही. परवा सोमवारी, २६ जानेवारीला, झेंडावंदनानंतर ग्रामसभा आहे. तिथे उभा राहून, शंकररावांच्या समोर, मी ते तोंडाने सांगेन. त्यानंतर वकिलांबरोबर जाऊन प्रतिज्ञापत्र करेन आणि मार्चच्या तारखेला ठाण्याला जाऊन बोलावतील तितक्या वेळा उभा राहीन. खटला झाला तर होऊ दे. हे ऐकून मधू फोनवर म्हणाला, ‘अप्पा, तुमची तब्येत बघा, आणि घराण्याचं नाव?’ मी म्हटलं, नावाचीच तर भानगड आहे बाबा. तो म्हणाला, मी सोमवारी येतो. ये किंवा नको येऊ.

त्याआधी, म्हणजे आज-उद्यात, मी मेलो तर कलम सहा पुन्हा लागू समजावं आणि मला भेकड समजावं.

अनंता सोमवारी येणार नाही म्हणाला. ‘साहेब, मला पेन्शन आहे, नातीचं लग्न आहे.’ मी रागावलो नाही. या कागदावर मात्र त्याने सही केली, आणि सही करण्याआधी, नोकरीत असताना कधी वाचला नसेल इतका सावकाश, हा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

आता जनाबाईंना यातून काहीच मिळायचं नसल्याने साक्षीदार होण्यास त्यांना अडचण नाही, असं मी समजतो. त्या तयार झाल्या. सोमवारी ग्रामसभेला त्या वस्तीच्या सगळ्यांना घेऊन येणार आहेत. मी विचारलं, ‘माझ्याजवळ बसाल का? मला धीर येईल.’ त्या म्हणाल्या, ‘येऊ. पन तुमच्याजवळ न्हाई बसनार. समोर बसनार.’ मला ते बरोबर वाटतं.

वरील मजकूर व पुरवणी मी स्वतः लिहिली, दोघा साक्षीदारांना वाचून दाखवली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सही केली. त्यांनीही माझ्यादेखत सह्या केल्या.

ठिकाण : कोंडपाडा
दिनांक : २४ जानेवारी १९९८

(सही) श्यामकांत विष्णुपंत टिपणीस

साक्षीदार :

१. (सही) अनंता, निवृत्त ग्रामसेवक. पत्ता : मांजर्ली, बदलापूर पश्चिम.

२. (सही) जनाबाई भगवान सोनावणे. पत्ता : नदीकाठ, कोंडपाडा.

(साक्षीदार क्र. २ यांचा पत्ता त्यांनी सांगितला तसाच लिहिला आहे. चामटोलीच्या वाटेवरचा माळ असं मी लिहायला घेतलं होतं, ते त्यांनी खोडायला लावलं. — श्या. वि. टि.)